घुबड मेलं ते उंदराच्या औषधानं का, आणि आता गोदामात काय ठेवायचं?

प्रश्न थोडक्यात असा: शेताकडेच्या पडक्या वाड्यात गव्हाणी घुबडांची जोडी राहते. शेजारच्या गोदामात बाराही महिने ब्रोमॅडिओलोनच्या वड्या ठेवलेल्या असतात आणि उसाच्या बांधावरही त्याच टाकल्या जातात. जोडीतलं एक घुबड भिंतीखाली मेलेलं सापडलं. अंगानं भरलेलं होतं, जखम नव्हती, नाकपुडीपाशी मात्र रक्त होतं. दुकानदार म्हणतो, ‘हे औषध पक्ष्यांना बाधत नाही.’ खरं काय? आणि औषध बंद केलं तर उंदरांचं काय करायचं?

वर्णन उंदराच्या औषधाशी जुळतं, पण तेवढ्यावरून निकाल देता येत नाही. गाडीची धडक बसलेलं घुबडही बाहेरून धड दिसतं आणि नाकातोंडातून रक्त येतं. विजेचा धक्का बसला असेल तर बहुधा पायाच्या बोटांवर किंवा पंखाच्या टोकाला जळल्याची खूण सापडते, ती बघा. उपाशी किंवा आजारी घुबडाच्या छातीचं हाड सुरीच्या धारेसारखं हाताला लागतं. तुमचं घुबड भरलेलं होतं, म्हणजे ते शेवटपर्यंत नीट शिकार करत होतं. शरीराच्या पोकळीत न गोठलेलं रक्त, कातडीखाली काळेनिळे डाग, फिके पडलेले स्नायू, आणि या सगळ्याला कारण ठरेल असं मोडलेलं हाड कुठेच नाही, असं शवविच्छेदनात दिसलं तर संशय पक्का होतो. खात्री होते ती यकृताच्या तपासणीनं. पण घुबड कशानंही मेलेलं असो, बारमाही वड्या ठेवण्याची तुमची पद्धत शिकारी पक्ष्यांसाठी असू शकेल तितकी वाईट आहे. का, ते हिशेबानंच कळेल.

ब्रोमॅडिओलोन हे रक्त गोठू न देणारं विष आहे. रक्त गोठवणारे काही घटक यकृतात तयार होतात आणि त्यासाठी ‘के’ जीवनसत्त्व लागतं. शरीर हे जीवनसत्त्व एकदा वापरून फेकत नाही, एका विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीनं पुन्हा पुन्हा वापरात आणतं. विष तो विकरच बंद पाडतं. पण रक्तात आधीपासून असलेले गोठण्याचे घटक संपायला वेळ लागतो, म्हणून उंदीर त्या रात्री मरत नाही. तीन ते सात दिवस, कधी त्याहून जास्त, तो जिवंत असतो. सुरुवातीचे दोन-तीन दिवस तर त्याला काही झाल्याचं कळतही नाही, त्यामुळे तो रोज त्याच वडीवर येतो. उत्पादकाच्या दृष्टीनं हाच या औषधाचा गुण: पोट दुखलं नाही की उंदराला संशय येत नाही. घुबडाच्या मुळावर येतो तोही हाच गुण.

वडीत विषाचं प्रमाण ०.००५ टक्के, म्हणजे एका ग्रॅममध्ये ०.०५ मिलिग्रॅम. उंदरासाठी निम्मे मरतील अशी मात्रा किलोमागे साधारण १.१ मिलिग्रॅम. २०० ग्रॅमच्या उंदराला ०.२२ मिलिग्रॅम, म्हणजे जेमतेम साडेचार ग्रॅम वडी त्या मात्रेला पुरते. पण समोर वडी भरपूर असेल तर तो दिवसाला पंधरा-वीस ग्रॅम सहज खातो. तीन दिवसांत झाले ५० ग्रॅम, म्हणजे अडीच मिलिग्रॅम विष, लागणाऱ्या मात्रेच्या दहापटीहून जास्त. त्यातलं काही विष्ठेतून बाहेर पडतं, उरलेल्यातलं बरंचसं यकृतात धरून ठेवलं जातं, आणि ताजं खाल्लेलं आमिष पोटात असतं ते वेगळं. घुबड उंदीर शक्यतो अख्खा गिळतं. यकृत, पोट, सगळं आत. हाडं आणि केस तेवढे गोळी करून बाहेर टाकतं.

जुन्या औषधांत आणि यात फरक टिकून राहण्याचा आहे. वॉर्फरिन १९४८ च्या सुमारास उंदीरनाशक म्हणून आलं. ते उंदरानं अनेक दिवस खावं लागायचं, आणि यकृतात ते काही आठवड्यांत निम्म्यावर यायचं. १९५८ मध्ये स्कॉटलंडमध्ये वॉर्फरिनला दाद न देणारे उंदीर सापडले. त्यांच्यासाठी पुढे दुसऱ्या पिढीची औषधं निघाली: डिफेनॅकूम, ब्रोमॅडिओलोन, ब्रोडिफॅकूम. ही यकृताला इतकी घट्ट चिकटतात की निम्मी व्हायला कित्येक महिने लागू शकतात. म्हणून घुबडानं एक विषारी उंदीर खाल्ला आणि त्याला काही झालं नाही, यावर समाधान मानू नये. पंधरा दिवसांनी दुसरा, महिन्यानं तिसरा खाल्ला तर प्रत्येक वेळी आधीच्या शिलकीत भर पडते. तुमच्या गोदामात वडी बारमाही, म्हणजे ही भरही बारमाही.

‘औषध खाल्लं की उंदीर पाणी प्यायला बाहेर जातो आणि बाहेरच मरतो’ हा समज चुकीचा आहे. असं बाहेर घालवणारं काही त्या औषधात नसतं, बरेच उंदीर बिळात किंवा माळ्यावरच मरतात आणि मग वास येतो. पण रक्तस्राव सुरू झालेला उंदीर सुस्तावतो, भिंतीची कड सोडून उघड्यावर फिरतो, दिवसाही दिसतो. निरोगी उंदीर पकडायला घुबडाला कष्ट पडतात, हा मात्र आयता मिळतो. शंभरातले दहाच उंदीर विष खाल्लेले असले तरी घुबडाच्या ताटात त्यांचा वाटा दहा टक्क्यांहून मोठा पडू शकतो, तो यामुळे.

दुकानदाराच्या म्हणण्याला एक आधार असतो, अर्धवट. पक्ष्यांवरच्या चाचण्या बहुधा बदकांवर आणि लाव्यांसारख्या पक्ष्यांवर होतात आणि त्यांना यातली काही औषधं बरीच पचतात. शिकारी पक्ष्यांना हा न्याय लागू नाही. डायफॅसिनोन या याच गटातल्या औषधाची चाचणी अमेरिकेतल्या एका छोट्या ससाण्यावर झाली तेव्हा तो बदक आणि लाव्यापेक्षा वीसपटीहून जास्त संवेदनशील निघाला. घुबडांचं तर १९८० पासून माहीत आहे. रक्त न गोठू देणाऱ्या औषधांनी मारलेले उंदीर घुबडांना खाऊ घातले, तेव्हा ब्रोमॅडिओलोन, ब्रोडिफॅकूम आणि डायफॅसिनोनच्या उंदरांनी घुबडं रक्तस्राव होऊन मेली. डिफेनॅकूमच्या उंदरांनी मेली नाहीत, पण त्यांना रक्तस्राव झाला. या घातक यादीत तुमची वडी आहे. तिन्हींत ब्रोडिफॅकूम सगळ्यात जहाल, आणि ब्रोमॅडिओलोन त्याहून सौम्य हे खरं. सौम्य म्हणजे निर्धोक नव्हे, इतकंच.

प्रयोगशाळेबाहेरही हेच दिसलं आहे. मलेशियात तेल-ताडाच्या मळ्यांत उंदरांसाठी मुद्दाम गव्हाणी घुबडं वाढवली जातात. तिथे वॉर्फरिन सोडून दुसऱ्या पिढीची औषधं वापरायला लागल्यावर १९८० च्या दशकात घुबडांची संख्या घसरल्याची नोंद झाली. ब्रिटनमध्ये मेलेल्या गव्हाणी घुबडांची यकृतं वर्षानुवर्षं तपासली जातात आणि त्यातल्या बहुसंख्यांमध्ये दुसऱ्या पिढीच्या औषधांचा अंश सापडतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या एका वन्यजीव दवाखान्यात आलेल्या लाल शेपटीच्या ४३ बाजांची तपासणी झाली, तिचा निकाल २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस पक्ष्यांत अंश होता.

अंश सापडला म्हणजे त्यानंच मेला, असं मात्र नाही. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातून २०२३ च्या फेब्रुवारीत सुटलेलं ‘फ्लॅको’ नावाचं शृंगी घुबडाच्या कुळातलं घुबड वर्षभर शहरात मोकळं राहिलं आणि २३ फेब्रुवारी २०२४ ला एका इमारतीखाली सापडलं. शवविच्छेदनात धडकेच्या जबर जखमा होत्या, पण शरीरात चार प्रकारची उंदीरनाशकं आणि कबुतरांकडून येणाऱ्या विषाणूचा जोरदार संसर्गही होता. धडक बसली हे खरं, पण धड असतं तर ती बसली असती का, हा प्रश्न उरतोच. आपल्याकडे रस्त्यावर धडकून किंवा मांजात अडकून मेलेल्या पक्ष्याचं यकृत तपासायची पद्धत जवळजवळ नाही, त्यामुळे असा मृत्यू ‘अपघात’ म्हणूनच कागदावर जातो.

तुमच्याकडे धोका एकट्या गव्हाणीला नाही. पिंगळा, शृंगी घुबड, शेतावर एका जागी पंख फडफडवत तरंगणारी कापशी, हिवाळ्यात येणारे भोवत्ये, सगळे उंदरांवर आहेत. घार तर मेलेला उंदीरही उचलते. बांधावर उघडी पडलेली वडी गोगलगायी आणि किडे खातात, त्यांना भारद्वाज खातो. ब्रिटनमध्ये लहान पक्ष्यांवर जगणाऱ्या बाजांच्या यकृतातही ही औषधं सापडतात, ती अशाच आडवाटांनी आलेली असणार. माणसांचंही बघा. शेतातले उंदीर खणून खाणारी कुटुंबं, कोकणपट्टीत कातकरी समाजातली, तुमच्या शिवारात येत असतील तर बांधावर औषध टाकल्याचं त्यांना सांगायलाच हवं.

आता झिंक फॉस्फाईड, म्हणजे शेतकऱ्याची ती काळी पूड. ती वेगळ्या तऱ्हेनं मारते. पोटातल्या आम्लात तिचा फॉस्फिन वायू होतो आणि उंदीर काही तासांत मरतो. ती यकृतात साठत नाही, मेलेल्या उंदरात असते ती पोटातल्या न विरघळलेल्या आमिषापुरती. म्हणून उंदीर खाणाऱ्या पक्ष्याला तिचा धोका ब्रोमॅडिओलोनपेक्षा पुष्कळ कमी. पण दाणा टिपणाऱ्या पक्ष्यांना ती थेट मारते: मोर, तित्तिर, होले. माणसासाठी तिच्यावर उतारा नाही, तेव्हा घरात ती कुलपातच हवी. आणि फोरेट किंवा मोनोक्रोटोफॉससारखी कीटकनाशकं धान्याला चोळून उंदरांना घालायची कल्पना कुणी दिली तर ऐकू नका. इस्राएलच्या हुला खोऱ्यात १९७५-७६ च्या हिवाळ्यात शेतातल्या उंदरांसाठी मोनोक्रोटोफॉस फवारलं, तेव्हा शेकडो शिकारी पक्षी मेले.

करायचं काय, ते आता गोदामापासून सांगतो.

गोदामातल्या आणि बांधावरच्या सगळ्या वड्या आजच उचला. हातमोजे घाला, मोजून बंद डब्यात ठेवा. धोका मात्र आज संपत नाही. गेल्या आठवड्यात वडी खाल्लेले उंदीर अजून हिंडत आहेत, ते आठ-दहा दिवसांत मरतील. तोवर रोज सकाळी गोदामाभोवती आणि वाड्याखाली फेरी मारून मेलेले, सुस्त उंदीर गोळा करा आणि दीड-दोन फूट खोल पुरा. उकिरड्यावर टाकाल तर घार आहेच. उघड्या हातानं उचलू नका, लेप्टोचा धोका असतो.

नंतर गोदाम बंद करायचं. उंदराच्या पिल्लाला बोटभर भोक पुरतं, घरातल्या छोट्या उंदराला तर पेन्सिल जाईल इतकी, सहा-सात मिलिमीटरची फट पुरते. दाराखाली पत्र्याची पट्टी मारा, पाइपाभोवती सिमेंट भरा, खिडकीला बारीक लोखंडी जाळी लावा. प्लास्टिकची जाळी आणि फोम दोन रात्रींत कुरतडला जातो. पोती भिंतीपासून हातभर लांब आणि फळ्यांवर रचा, म्हणजे मागे बघता येतं. आत चापाचे सापळे भिंतीला काटकोनात, आमिषाची बाजू भिंतीकडे करून लावा. एक-दोन लावून उपयोग नाही, मध्यम गोदामाला पंधरा-वीस लागतात. पहिले दोन दिवस आमिष लावून पण चाप न ओढता ठेवा, मग एकाच रात्री सगळे ओढा. चिकट पुठ्ठे बाहेर अजिबात ठेवू नका, त्यावर पाली, चिचुंद्री आणि त्यांच्या मागून आलेले पिंगळे चिकटतात.

एवढं करूनही उंदीर आवरले नाहीत, तर ब्रोमॅडिओलोन फक्त बंद इमारतीत, कुलूप लागणाऱ्या आमिषपेटीत, तारेनं अडकवून. थोडं ठेवायचं, सात दिवसांनी बघायचं, संपलं असेल तिथेच पुन्हा थोडं. ताट भरून ठेवलं की वर मांडलेला दहापटीचा हिशेब सुरू होतो. साधारण पाच आठवड्यांत काम झालं नाही तर आमिष वाढवू नका, बाहेरून वाट कुठे उरली आहे ते शोधा. खाणं थांबलं की पेट्या रिकाम्या करून काढून घ्या. ‘राहू दे, असू दे’ म्हणून ठेवलेली पेटी पुढच्या उंदराला नव्हे, पुढच्या घुबडाला घातक असते. सोसायट्यांत वार्षिक कंत्राटावर पेट्या बारमाही भरून ठेवतात, त्यांनाही हेच लागू.

शेतात बांधाचा घेर कमी करा. रुंद, गवताळ, वर्षानुवर्षं न फोडलेला बांध म्हणजे उंदरांची वसाहतच. उसाचं पाचट वेळेवर काढा आणि ऊस लोळू देऊ नका, लोळलेल्या उसात नुकसान सगळ्यात जास्त होतं. खरी मोहीम मे-जूनमध्ये, पेरणीआधी काढायची. तेव्हा रान मोकळं असतं, बिळं दिसतात, खायला कमी असल्यानं आमिष पटकन घेतलं जातं. शेजारचे शेतकरी बरोबर नसतील तर महिन्याभरात त्यांचे उंदीर तुमच्याकडे येतात, म्हणून निदान शिवाराचा एक सलग तुकडा एकत्र करा.

संध्याकाळी सगळी बिळं चिखलानं बुजवा. सकाळी जी उकरलेली दिसतील तेवढीच चालू. चालू बिळं थोडी असतील तर सापळे आणि खणणं पुरे. फार असतील तर झिंक फॉस्फाईड, पण एकदाच. आधी दोन-तीन दिवस नुसता तेल लावलेला भरडा प्रत्येक बिळात २० ग्रॅम घाला. ही पायरी गाळली तर थोडंसं चाखून आजारी पडलेला उंदीर वाचतो आणि नंतर कित्येक महिने त्या आमिषाला तोंड लावत नाही. मग विषारी आमिष: भरडा ९६० ग्रॅम, गोडेतेल २० ग्रॅम, पूड २० ग्रॅम, एकूण एक किलो. मोकळ्या हवेत, वाऱ्याकडे पाठ करून, तोंड बांधून, हातमोजे घालून काठीनं कालवा. पाण्याचा थेंब नको, ओल लागली की वायू सुटतो. कागदाच्या पुडीत १० ग्रॅम, पुडी बिळात वीतभर आत, वरून बीळ बंद. बांधावर एकही दाणा उघडा राहता कामा नये, मोर वाचतात ते एवढ्यानं. दुसऱ्या सकाळी वर आलेले उंदीर उचला, उरलेलं आमिष खोल पुरा. दोन आठवड्यांनी पुन्हा बिळं बुजवून मोजा. जी अजून चालू दिसतील तिथे सरकारी शिफारशीत ब्रोमॅडिओलोनचं १५ ग्रॅम आमिष दर बिळामागे सांगितलेलं असतं. घुबडांचा ठिकाणा असलेल्या शिवारात तिथे सापळेच लावावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. धुरीच्या गोळ्या स्वतः आणून वापरू नका. त्या परवानाधारकांसाठीच आहेत, आणि त्यात बिळातले साप आणि घोरपडही जातात, जे तुमचेच उंदीर खात असतात.

घुबड एकटं उंदीर संपवेल, असं कुणी सांगत असेल तर तेही खरं नाही. एक जोडी पिल्लं असताना रात्रीला बरेच उंदीर मारते, पण दाटलेल्या उसात तिला शिरता येत नाही, ती कडेनं आणि पायवाटेवर शिकार करते. म्हणून मधल्या वाटा मोकळ्या ठेवा आणि आठ-दहा फुटी, टी आकाराचे पक्षी थांबे बांधालगत एकरी चार-पाच लावा. जवळ ज्वारी-बाजरी असेल तर दाणा भरताना ते काढा, नाहीतर पोपटांची सोय होते. वाडा उभा आहे तोवर घुबडांच्या घरट्यासाठी वेगळ्या पेटीची गरज नाही. तो पाडणार असाल तर आधी जवळच्या झाडावर किंवा गोदामाच्या भिंतीवर किमान १२-१४ फूट उंचीवर लाकडी पेटी बसवा: तळ साधारण ४५ बाय ६० सेंटिमीटर, भोक १५ सेंटिमीटरचं, आणि भोकाची खालची कड तळापासून ४५ सेंटिमीटर वर. भोक खाली घेतलं तर पिल्लं उडता येण्याआधीच बाहेर पडतात. पेटी लावायची आणि शेजारी वड्याही ठेवायच्या, यापेक्षा पेटी न लावलेली बरी.

उरलेल्या घुबडाकडे आता लक्ष ठेवा. रात्री वाड्यातून लांबट फुसफुस ऐकू आली तर पिल्लं आहेत. दिवसा जमिनीवर पंख सोडून बसलेलं, जवळ गेलं तरी न उडणारं घुबड दिसलं तर जाड टॉवेल टाकून धरा, पाय आधी सांभाळा. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा. तोंडात पाणी, दूध, मांस काही घालू नका. तोंड आतून फिकट पांढरं दिसत असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, आणि वडीचं वेष्टनही बरोबर न्या. वन विभागाची मदतवाहिनी १९२६. उतारा आहे तो ‘के-१’ जीवनसत्त्वाचा, पशुवैद्यकानं वजनावर ठरवलेला आणि कित्येक आठवडे चालू ठेवावा लागणारा. दोन-चार दिवसांत घुबड टवटवीत दिसतं आणि लोक सोडून देतात, पण विष यकृतात तसंच असतं आणि औषध थांबलं की आठवड्यात पुन्हा रक्तस्राव होतो. दुकानात सहज मिळणारं ‘के-३’ यावर चालत नाही.

मेलेलं घुबड पुरलं नसेल तर पिशवीत घालून बर्फात ठेवा आणि लगेच वन विभागाला कळवा. ते स्वतःजवळ ठेवणं किंवा पिसं काढून घेणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही. दिवसाभरात शवविच्छेदन होणार असेल तर नुसतं गार ठेवा, गोठवलेल्या शरीरात रक्तस्रावाच्या खुणा नीट वाचता येत नाहीत. उशीर होणार असेल तर गोठवा, यकृताची तपासणी त्यावरही होते. यकृताचा तुकडा वेगळा काढून ठेवावा अशी विनंती आधीच करा, नाहीतर तो बाकीच्या अवयवांबरोबर फॉर्मेलिनमध्ये जातो आणि विषाच्या तपासणीसाठी वाया जातो.